दाराशी बसलेला माणूस

जुन्या अमेरिकन मालिका पाहताना श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचायची माझी सवय फार जुनी आहे. ‘द वॉल्टन्स’, ‘द रॉकफर्ड फाइल्स’, ‘मॅग्नम, पी.आय.’, ‘द ए-टीम’ या मालिकांचं एकमेकींशी काही नातं नाही; पण दिग्दर्शक म्हणून एक नाव सगळीकडे भेटायचं : आयव्हन डिक्सन. ‘नथिंग बट अ मॅन’मध्ये (१९६४) दक्षिणेतल्या रेल्वेमजुराची अविस्मरणीय भूमिका करणारा नट तो हाच, हे कळलं आणि मी त्याचा माग काढू लागलो.

जन्म १९३१चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. सिडनी पॉयटिएचा डमी म्हणून उड्या मारण्यापासून ब्रॉडवेवरच्या ‘अ रेझिन इन द सन’पर्यंत त्याने सगळं केलं. घराघरांत पोचला तो ‘होगन्स हीरोज’मुळे. जर्मन छावणीतल्या युद्धकैद्यांच्या या विनोदी मालिकेत तो पाच वर्षं सार्जंट किंचलो होता. किंचलोची जागा भुयारात, बिनतारी यंत्रापाशी. १९७०मध्ये मालिका जोरात चालू असताना त्याने ती सोडली आणि दिग्दर्शनाकडे वळला. पहिला चित्रपट ‘ट्रबल मॅन’ (१९७२). आज तो आठवतो मार्विन गेच्या संगीतामुळे. त्याहून जास्त त्यात मला काही सापडलं नाही.

सापडलं ते पुढच्या वर्षीच्या ‘द स्पूक हू सॅट बाय द डोअर’मध्ये. ‘स्पूक’ म्हणजे भूत. पण हीच गोऱ्यांची काळ्यांना द्यायची शिवी, आणि गुप्तहेरालाही हाच शब्द. दाराशी बसलेला म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा, आमच्याकडेही एक आहे म्हणता यावं, यासाठी कचेरीत दर्शनी ठेवलेला एकुलता एक काळा नोकर. चित्रपटाची मूळ कादंबरी सॅम ग्रीनलीची. अमेरिकेच्या माहिती खात्यातर्फे इराक, पाकिस्तान, इंडोनेशियात नोकरी केलेला हा माणूस दारापाशी बसणं म्हणजे काय ते पुरतं ओळखून होता. अमेरिकन प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारलं. १९६९मध्ये ते छापलं लंडनच्या ॲलिसन अँड बझ्बीने.

कथानायक डॅन फ्रीमन. एका गोऱ्या सिनेटरला काळ्यांची मतं हवी असतात, म्हणून सीआयए काळे उमेदवार घेते आणि त्यांतला फ्रीमन एकटा टिकतो. त्याला नेमतात छायाप्रती काढायला. तो मान खाली घालून पाच वर्षं काढतो, शिकायचं ते सगळं शिकतो आणि शिकागोला परततो. दिवसा समाजसेवक, रात्री गल्लीतल्या पोरांना गनिमी युद्धाचे धडे. हातात झाडू आणि चेहऱ्यावर हसू असेल तर काळा माणूस कुठेही शिरू शकतो, कुणाचं लक्ष जात नाही, हा त्यातला मला सर्वांत झोंबलेला धडा. मुंबईत १९७२मध्ये दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच. त्या काळाची धग मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.

डिक्सनने हा चित्रपट केला तोही फ्रीमनच्याच रीतीने. सुरुवातीचा पैसा काळ्या गुंतवणूकदारांकडून जमवला. तो संपला तेव्हा युनायटेड आर्टिस्ट्सला फक्त हाणामारीची दृश्यं दाखवली. त्या वर्षांत काळ्या नायकांच्या ‘शाफ्ट’सारख्या मारधाडपटांवर गल्ला जमत होता, तसंच काहीतरी येतंय अशा समजुतीने कंपनीने उरलेला पैसा दिला. शिकागोत चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही. उन्नत रेल्वेवरची काही दृश्यं गुपचूप उरकली आणि बाकी मुक्काम शेजारच्या गॅरी शहरात हलवला. तिथे रिचर्ड हॅचर हा काळा महापौर होता. त्याने पोलीस आणि अग्निशमन दल दिमतीला दिलं. दंगलीचं ते दीर्घ दृश्य पाहताना मला हे दरवेळी आठवतं. फ्रीमन झालेल्या लॉरेन्स कुकचा न हलणारा चेहरा आणि हर्बी हॅनकॉकचं संगीत यांनी चित्रपट तोलून धरला आहे. स्त्रियांच्या वाट्याला मात्र त्यात फार थोडं आलं, ही उणीव मला आजही खुपते.

तयार चित्रपट पाहून कंपनी हादरली. प्रदर्शित झाला, आणि काही आठवड्यांत चित्रपटगृहांतून नाहीसा झाला. एफबीआयने दबाव आणला, असं ग्रीनली जन्मभर सांगत राहिला. पुढे अनेक वर्षं चोरट्या व्हिडिओ प्रतींवरच चित्रपट हातोहात फिरत होता. डिक्सन मालिकांकडे परतला. चित्रपटगृहांसाठी त्याने पुन्हा दिग्दर्शन केलं नाही. हे नुकसान कुणाचं झालं, हे ‘ट्रबल मॅन’नंतर एका वर्षात त्याने मारलेली मजल पाहून ज्याचं त्याने ठरवावं. उतारवयात हवाईतल्या माउई बेटावर त्याने रेडिओ केंद्र चालवलं.

नट टिम रीडच्या कंपनीने २००४मध्ये डीव्हीडी काढायची ठरवली तेव्हा निगेटिव्हचा शोध सुरू झाला. ती एका तिजोरीत सुरक्षित होती. डिक्सनने ती तिथे दुसऱ्याच चित्रपटाच्या नावाने ठेवली होती.

मार्च २००८मध्ये तो गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत ‘नथिंग बट अ मॅन’ १९९३पासून होता. ‘स्पूक’ तिथे पोचला २०१२मध्ये.