घरातील जिन्याच्या पायऱ्या : स्वस्त कोणत्या, सुरक्षित कोणत्या ?

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत जिन्याच्या पायऱ्यांवर लेख पाहून काही सभासद बंधुभगिनींना नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षी आमच्या मातोश्री नव्या, चकचकीत ग्रॅनाइटच्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडून चार महिने अंथरुणाला खिळल्या. तो दगड आम्हीच हौसेने निवडला होता, आणि तो महागही होता. त्यानंतर या विषयात आम्ही लक्ष घातले. जे उमगले ते येथे देत आहोत.

मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाच्या या आपल्या गावात जुन्या घरांचा जिना म्हणजे भिंतीलगतचा, अरुंद आणि उभा, लाकडी फळ्यांचा. लाकूड पायाला उबदार लागते, पण त्याला वाळवीचे आणि आगीचे भय. इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी होते. १९८४ च्या आगीत लाकडी भागाची मोठी हानी झाली, हे अनेकांना स्मरत असेल. नवा साग आज सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात नाही. मात्र पाडलेल्या घराची जुनी सागवानी तुळई मिळाल्यास ती कापून उत्तम फळ्या निघतात. हे लाकूड पुरते वाळलेले असल्याने सहसा वाकत नाही. फळी दीड इंचाहून पातळ नसावी, आणि घेण्यापूर्वी खिळे व वाळवी तपासावी.

सर्वांत कमी खर्चाची पायरी सिमेंटची. तिची कडा लवकर फुटते, म्हणून कडेला लोखंडी पट्टी बसवावी. ओतल्यावर निदान सात दिवस पाणी मारण्यात कसूर करू नये.

टिकाऊपणा आणि किंमत यांचा मेळ पाहता आमचे मत कोटा फरशीकडे झुकते. दगडाच्या किमतीत वाहतुकीचा भाग मोठा असतो. महाराष्ट्रातील आपल्या नातलगांना शहाबादी किंवा कडप्पा सोयीचा, तर माळव्याला राजस्थानातील कोटा जवळचा. मात्र हा चुनखडीचा दगड आहे. लिंबू, चिंच अथवा संडास धुण्याचे ॲसिड त्यावर पडल्यास डाग उरतो. आणि आरशासारखी पॉलिश मुळीच करून घेऊ नये. ओल्या पायाला तीच घातक.

आता थोडे गणित. मजल्याची उंची १० फूट, म्हणजे १२० इंच धरा. १७ चढ केल्यास प्रत्येक चढ सुमारे ७ इंचांचा होतो. चढाची दुप्पट अधिक पायरीची रुंदी मिळून २४ ते २५ इंच व्हावेत, असा जुना ठोकताळा आहे. म्हणून रुंदी १० इंच. वरचा मजला हाच शेवटचा टप्पा असल्याने पायऱ्या १६ लागतात. ३ फूट लांब आणि पुढे आलेल्या एका इंचासह ११ इंच रुंद अशा १६ पायऱ्यांना फरशी लागते अवघी ४४ चौरस फूट. (तुकडतोड निराळी.) उभ्या भागांना दगड कशाला ? साधा गिलावा आणि फिका रंग पुरे. त्याने पायरीची कडा उठून दिसते, आणि सुमारे ३० चौरस फूट दगड वाचतो.

वाचलेला पैसा दोन गोष्टींवर खर्चावा. पहिली, प्रत्येक पायरीच्या कडेजवळ दोन-तीन खाचा आणि कडेला किंचित गोलाई. दुसरी, वरपासून खालपर्यंत सलग, मुठीत मावेल असा कठडा.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. सर्व चढ सारखे असावेत. जिना बांधून झाल्यावर खालच्या खोलीत दोन इंचांची नवी फरशी घातली की पहिला चढ सातावरून पाच इंचांवर येतो. पायाला सवय झालेली असते सातांची, आणि माणूस तेथेच अडखळतो. यास्तव दोन्ही मजल्यांची फरशी आधी ठरवावी, मगच गवंड्याला पायऱ्या आखू द्याव्यात.

थोडक्यात, पैसे चकाकीसाठी न देता पावलाच्या भरवशासाठी द्यावेत. आमच्या घरी ग्रॅनाइटला आता खाचा पाडल्या आहेत आणि कठडाही बसविला आहे. मातोश्री पुन्हा माडीवर जाऊ लागल्या आहेत. आपल्या घरी ही दक्षता आधीच घेतली जावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.