तलवार तिकडची, नमस्कार इकडचे

माझा भाचा नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरली, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा गृहस्थाने तलवार हाती घेतली! घाबरू नका. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची तलवारबाजी जुन्या ग्रंथांवरून पुन्हा शिकणारी मंडळे युरोपात आहेत. स्ट्रासबुर्गच्या योआखिम मायरने १५७० साली छापलेला सचित्र ग्रंथ उघडायचा, पवित्रे बसवायचे आणि तोंडावर जाळी चढवून बोथट तलवारीने झुंजायचे. मला कौतुक वाटले ते त्याच्या संकल्पाचे. "मामा, किलोंचा हिशेब मी सोडलाय. तीन-तीन मिनिटांच्या दोन झुंजी धाप न लागता झाल्या पाहिजेत, एवढेच ठरवलेय."

त्यावरून औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आठवले. भाचा तिकडची विद्या तिकडे जाऊन शिकला. भवानरावांनी ती घरी आणवली. १८९७ मध्ये त्यांनी युजेन सँडो या प्रशियात जन्मलेल्या मल्लाची साधने व पुस्तके विकत घेतली आणि दहा वर्षे त्याबरहुकूम नेमाने मेहनत केली. सँडो त्यांच्याहून अवघ्या एका वर्षाने मोठा. त्याची पिळदार छायाचित्रे पाहून त्या काळी देशोदेशींचे तरुण आरशापुढे दंड फुगवून उभे राहत. परकी वस्तू आपलीशी करणे आपल्याकडे नवे नव्हतेच म्हणा. मराठ्यांची 'फिरंग' तरी काय? पाते युरोपातले, मूठ इकडची!

पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून भवानराव सूर्यनमस्कारांकडे वळले. औंध आज सातारा जिल्ह्यात, मिरज सांगलीत. तेव्हा दोन्ही स्वतंत्र संस्थाने. दहा वर्षे टिकून राहिलेला माणूस केवळ कंटाळून व्यायाम बदलत नाही. मला वाटते, नमस्कारात त्यांना आकडा सापडला. सँडोच्या पद्धतीत छाती-दंडाच्या मापांना मोठा मान. पण फीत आज लावली काय नि उद्या लावली काय, फरक दिसत नाही आणि माणूस हिरमुसतो. नमस्कारांची संख्या मात्र रोजच्या रोज हाती येते. साधन म्हणाल तर सतरंजीपुरती जागा. औंध पद्धतीच्या दहा अवस्थांत कणा, पोट, श्वास, साऱ्यांनाच काम पडते. भवानरावांनी संस्थानातल्या शाळांतून नमस्कार सुरू केले, स्वतः पुस्तक लिहिले. १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन यांच्या संपादनाने त्यांचे इंग्रजी पुस्तकही लंडनला निघाले. १९५१ मध्ये राजेसाहेब वारले, ते वयाची ऐंशी ओलांडून.

आता आमच्या सांगलीच्या घरातली हकीकत. माझे वय सेहेचाळीस. गेल्या वर्षी रक्तदाब वाढला, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच सहा नमस्कारांपासून आरंभ केला. (रक्तदाब असलेल्या वाचकांनीही आधी विचारावे, वाकण्याने काहींना चक्कर येते.) दर पंधरवड्याला दोन वाढवायचे, चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी करायची नाही, असे दोनच नियम. सध्या चोवीसवर आहे. सकाळच्या तासाला तिसरा मजला चढून लगेच शिकवायला सुरुवात करता येते. पूर्वी हजेरी घेण्याच्या निमित्ताने दम खावा लागे.

दिनदर्शिकेवर दुधाच्या खुणांशेजारी सौभाग्यवती रोज माझा आकडा मांडतात. फराळाच्या आठवड्यात तो किती असावा, यावर मात्र आमचे अद्याप एकमत झालेले नाही.