तिला कधी कळणार?

मागच्या दिवाळीत माझी भाची चार दिवस आमच्याकडे मांजलपूरला राहायला आली होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फराळाच्या ताटापेक्षा तिचं लक्ष मोबाइलमध्येच जास्त. एवढं काय वाचतेस, असं विचारलं तर म्हणाली, "मावशी, भारी गोष्ट आहे. तो अंडरकव्हर पोलीस असतो आणि ज्याला पकडायचंय त्याच्याच मुलीच्या प्रेमात पडतो. तिला अजून काहीच माहीत नाही!"

मला हसू आलं. आमच्या घरात हे वेड जुनंच आहे. आजी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणायची. झुंजार आणि काळापहाड ही नावं मी तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकली. मी स्वतः दिवसभर कोड लिहून डोकं शिणलं की रात्री किंडलवर अशीच एखादी कादंबरी उघडते. त्यामुळे भाचीला उपदेश करायचा मला काहीच अधिकार नव्हता. पण रात्री झोपताना तिने विचारलं, "त्याचं प्रेम तर खरं आहे ना? मग नाव खोटं असलं म्हणून काय बिघडलं?"

या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडलं नाही.

या कथांची गंमत कशात असते? नायकाचं गुपित आपल्याला पहिल्या प्रकरणातच कळलेलं असतं, नायिकेला नसतं. "तिला कधी कळणार?" या एका प्रश्नावर आपण तीनशे पानं उलटतो. १९९१ च्या 'पॉइंट ब्रेक' या चित्रपटात एफबीआयचा तरुण अधिकारी सर्फिंग करणाऱ्यांच्या टोळीत शिरतो. तिथल्या एका मुलीची सरकारी माहिती काढतो. तिचे आईवडील वारलेत असं दिसल्यावर तिला सांगतो, माझेही वारले. तिथून त्यांची जवळीक सुरू होते. आपल्याकडच्या 'वॉन्टेड'मध्ये (२००९) तर सलमान गुंड नसून पोलीस आहे हे प्रेक्षकांनाही शेवटीच कळतं. ते कळल्यावर थिएटरात आम्ही शिट्ट्या मारल्या होत्या. त्याला गुंड समजूनही जीव लावणाऱ्या जान्हवीला काय वाटलं असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पण हे सगळं खरोखर घडलंय, आणि तिथे कोणी शिट्ट्या मारल्या नाहीत.

१९६८ मध्ये लंडनमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोठी निदर्शनं झाली. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी आंदोलकांमध्ये मिसळून माहिती काढणारं एक गुप्त पथक उभं केलं. ते २००८ पर्यंत चालू होतं. त्यातले अधिकारी केस वाढवायचे, खोटी नावं घ्यायचे आणि वर्षानुवर्षं आंदोलकांमध्ये राहायचे. अनेकांनी तर लहानपणीच वारलेल्या मुलांची नावं आणि जन्मतारखा वापरल्या. काहींनी आंदोलनातल्या स्त्रियांशी प्रेमसंबंध जोडले, त्यांच्यासोबत संसार केल्यासारखे राहिले. काम संपलं की एक दिवस गायब.

बॉब लॅम्बर्ट हा त्यांतलाच एक. तो 'बॉब रॉबिन्सन' म्हणून वावरत होता. एका कार्यकर्तीपासून त्याला १९८५ मध्ये मुलगा झाला. मूल लहान असतानाच तो निघून गेला. तो पोलीस होता हे त्या आईला २०१२ मध्ये वर्तमानपत्रातला फोटो पाहून कळलं. म्हणजे सुमारे पंचवीस वर्षांनी. पुढे पोलिसांनी तिला सव्वाचार लाख पौंड भरपाई दिली.

दुसरा मार्क केनेडी. तो अशाच दुसऱ्या एका गुप्त पथकातला. 'मार्क स्टोन' या नावाने तो २००३ पासून पर्यावरणवाद्यांमध्ये होता. सहा वर्षांच्या जोडीदारणीला २०१० मध्ये प्रवासात त्याचा पासपोर्ट सापडला. त्यावर नाव भलतंच होतं. त्याला बायकोमुलंही होती. पुढे अशा फसवल्या गेलेल्या स्त्रिया एकत्र आल्या आणि कोर्टात गेल्या. २०१५ मध्ये लंडन पोलिसांनी त्यांतल्या सात जणींची जाहीर माफी मागितली. या सगळ्या प्रकाराच्या सार्वजनिक चौकशीचाही निर्णय झाला. २०२१ मध्ये, केनेडीने फसवलेल्या एका स्त्रीच्या प्रकरणात, तिथल्या न्यायाधिकरणाने मानवी हक्कांचा भंग झाल्याचा निकाल दिला.

हे वाचल्यावर भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मला हळूहळू सुचू लागलं. कादंबरीत आपण नायकाच्या बाजूला बसलेलो असतो. त्याची तगमग आपल्याला दिसते, म्हणून त्याचं खोटं बोलणं आपण पोटात घालतो. या स्त्रिया मात्र नायिकेच्या जागी होत्या, तीही पुढचं पान दिसत नसलेली. त्यांनी ज्याला होकार दिला तो माणूस अस्तित्वातच नव्हता. त्याचं प्रेम थोडंफार खरं असेलही, पण हो की नाही हे ठरवण्याची संधी त्यांना कोणी दिली नव्हती.

आता थोडं स्वतःबद्दल. माझे मिस्टर गुजराती. आम्ही एकाच ऑफिसात होतो आणि दोन वर्षं दोघांच्याही घरी काही सांगितलं नव्हतं. सयाजीबागेत भेटताना ओळखीचं कोणी दिसलं की दोन दिशांना पांगायचो. त्याच काळात आईने पुण्याच्या एका स्थळासाठी कांदेपोहे ठरवले. आईचं मन मोडवेना, म्हणून मी गेले. याला सांगितलं, मावसबहिणीकडे आहे. उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला, असा मनाशी हिशेब.

तीन आठवड्यांनी त्याला दुसऱ्याच कोणाकडून कळलं. तो आवाज चढवून बोलला नाही, पण आठ दिवस माझ्याशी धड बोललाही नाही. मी स्थळ पाहिलं याचं त्याला एवढं वाटलं नव्हतं. ते तीन आठवडे तो त्याच्या घरी कसं सांगायचं याचे बेत माझ्यासमोर मांडत होता आणि मी माना डोलावत होते, हे त्याला लागलं होतं. त्यातलं माझं कोणतं बोलणं खरं आणि कोणतं खोटं, हे तो पुन्हापुन्हा आठवून पाहत होता. लपवायचं ते घरच्यांपासून ठरलं होतं, एकमेकांपासून नाही, एवढंच तो शेवटी म्हणाला.

माझं खोटं एका रविवारपुरतं होतं, त्या स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या फसवणुकीशी त्याची बरोबरी होऊच शकत नाही. पण दोन गुपितांमधला फरक मला तेव्हा समजला. चोरून केलेल्या प्रेमात दोघं मिळून जगापासून काहीतरी लपवतात. अंडरकव्हर प्रेमात एक जण दुसऱ्यापासून लपवतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोन्हींना 'निषिद्ध प्रेम' म्हणतात, म्हणून आपली गल्लत होते.

भाऊबीजेच्या सकाळी सेव-उसळ खाताना हे सगळं मी भाचीला सांगितलं, कांदेपोह्यांसकट. काकांनी माफ कसं केलं, हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, लगेच नाही केलं, आणि त्याला आता सगळं माहीत आहे या खात्रीनेच केलं.

तिची कादंबरी आठवड्याने संपली. मेसेज आला, "मावशी, तिला शेवटून दुसऱ्या प्रकरणात कळतं. आणि दोन पानांत माफ पण करून टाकते!" खाली डोळे वटारलेल्या इमोजींची रांग होती.

अशा कथा मी अजूनही वाचते, तुम्हीही जरूर वाचा. फक्त आता नायिकेला खरं कोणत्या पानावर कळतं हे मी बघते, आणि त्यानंतर तिला विचार करायला लेखकाने किती पानं दिलीत, हेही मोजते.