बासष्टचा खटला, पुस्तकांतून

१९६२च्या चीन युद्धातील पराभवाची चौकशी झाली, अहवाल लिहिला गेला आणि तो कपाटात गेला. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्र सिंग भगत या दोघांनी तो १९६३मध्ये सादर केला. २ सप्टेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत त्याचा गोषवारा सांगितला: प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकमाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता, सेनाधिकाऱ्यांचा वकूब. मूळ अहवाल मात्र सभागृहापुढे आला नाही. २०१०मध्येही तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी संसदेला सांगत होते, की त्यातला मजकूर आजच्या लष्करी हालचालींच्या दृष्टीने संवेदनशील आहे. सत्तेचाळीस वर्षांनंतर!

मग खटला उभा राहिला तो पुस्तकांत. आणि त्यात बहुतेक प्रत्येक साक्षीदार स्वतः आरोपीही होता.

पहिले बोलले लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल, १९६७मध्ये, ‘द अनटोल्ड स्टोरी’तून. ४ ऑक्टोबर १९६२ रोजी नव्या चौथ्या कोअरची सूत्रे हाती घेणारे आणि चिनी हल्ल्याच्या आधी आजारी पडून दिल्लीला परतलेले हेच ते सेनापती. दिल्लीत घरी अंथरुणावरूनही कोअरचा कारभार त्यांच्याकडेच होता. पुस्तकभर ते स्वतःची बाजू मांडतात. वाचताना पटण्यापेक्षा कीवच अधिक येते.

दोन वर्षांनी, १९६९मध्ये, मुंबईच्या थॅकरने ‘हिमालयन ब्लंडर’ छापले. लेखक ब्रिगेडियर जे. पी. दळवी. आडनाव आपल्याकडचे, पण या पुस्तकाची मराठीत जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असे माझे मत आहे. दळवी सातव्या ब्रिगेडचे प्रमुख होते. ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीच्या काठी, खोल घळीत, त्यांची माणसे पसरलेली. समोरचा थागला कडा चिन्यांच्या ताब्यात. अंगावर सुती गणवेश, थोडासाच दारूगोळा. त्सांगधरच्या उतारावर विमानातून टाकलेल्या सामानातले बरेचसे दरीत जाई. अशा ब्रिगेडला हुकूम होता थागलावरून चिन्यांना हुसकावण्याचा. चिन्यांना हाकलण्यास सांगितले आहे, हे नेहरूंनी १२ ऑक्टोबरला सिलोनला जाताना पत्रकारांना जाहीरपणे सांगूनही टाकले. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला. २२ तारखेला दळवी कैद झाले. मे १९६३मध्ये सुटेपर्यंत त्यांना विचार करायला भरपूर वेळ मिळाला, आणि पुस्तकाची बीजे त्या कैदेतच पडली.

दळवींचा राग वाचकाला पकडतो, पण डोळे उघडे ठेवूनच तो वाचावा. आपल्याकडून खाली गेलेल्या हुकमांपेक्षा वरून आलेले हुकूम ते फार बारकाईने तपासतात. त्यांचे लगतचे वरिष्ठ मेजर जनरल निरंजन प्रसाद यांचे ‘द फॉल ऑफ तवांग’ १९८१मध्ये आले. एकाच घळीची ही दोन वर्णने शेजारी ठेवून वाचली, की जबाबदारीचा चेंडू कोण कुठे टोलवतो ते दिसते.

गुप्तचर विभागाचे प्रमुख बी. एन. मलिक यांनी १९७१मध्ये ‘द चायनीज बिट्रेयल’ लिहिले. आम्ही इशारे दिले होते, लष्कराने हातपाय हलवले नाहीत, हा त्यांचा युक्तिवाद. आपण पुढे चौक्या टाकल्या तर चिनी बळ वापरणार नाहीत, हा दिल्लीचा भरवसा कुणाच्या अंदाजावर उभा होता, यावर मात्र त्यांची लेखणी घाईने पुढे सरकते. युद्धाच्या काळी लष्करी कारवाया विभागाचे संचालक असलेले डी. के. पालित १९९१च्या ‘वॉर इन हाय हिमालय’मध्ये हाच प्रश्न मुख्यालयाच्या खुर्चीतून तपासतात. तीस वर्षे उलटल्याने राग निवला आहे, पण स्वतःच्या खुर्चीविषयी तेही जरा हातचे राखूनच बोलतात.

या सगळ्यांच्या बाहेरचा माणूस नेव्हिल मॅक्सवेल. लंडनच्या ‘टाइम्स’चा दिल्लीतला वार्ताहर. १९७०च्या ‘इंडियाज चायना वॉर’मध्ये त्याने दोषाचे माप मुख्यतः भारताच्या ‘फॉरवर्ड पॉलिसी’च्या, म्हणजे पुढे चौक्या टाकण्याच्या धोरणाच्या, पदरात टाकले. चीनला तो फार सोयीस्करपणे सोडून देतो, पण त्याच्याकडे एक गोष्ट होती: ब्रुक्स-भगत अहवाल त्याने पाहिलेला होता. मार्च २०१४मध्ये त्याने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. तेव्हा चौकशीच्या मर्यादाही उघड झाल्या. लष्करी मुख्यालयाच्या कारभाराची झडती घेणे समितीच्या कक्षेबाहेर ठेवले होते. म्हणजे दळवी ज्या दाराकडे बोट दाखवत होते, ते चौकशीने ठोठावलेच नाही. २०१८मध्ये बर्टिल लिंटनरने शीर्षकच उलटवून ‘चायनाज इंडिया वॉर’ लिहिले आणि तयारी चीनची होती, असा प्रतिवाद केला.

आपल्याकडे या साऱ्याची आठवण, चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले त्याविषयीच्या ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ एवढ्या वाक्यावर निभावते. चव्हाणांचे तत्कालीन खासगी सचिव राम प्रधान यांचे ‘डिबॅकल टू रिव्हायव्हल’ त्या वाक्यामागचे रोजचे काम दाखवते: मंत्री आणि सेनापती यांच्यातला तुटलेला विश्वास सांधणे. अहवालाला कुलूप लावण्याच्या निर्णयात चव्हाणांचाही हात होता, ही बाजू मात्र मराठी गौरवग्रंथांत सहसा येत नाही. आणि नामका चूच्या घळीत सुती कपड्यांत उभे असलेले राजपूत, पंजाबी, गुरखे आणि ग्रेनेडियर्स या इंग्रजी पुस्तकांच्या ढिगात फक्त अधिकाऱ्यांच्या तोंडून बोलतात.