जडत्व मला येत होतं, इनर्शिया नव्हतं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा ज्यांचे इअरफोन रूममेट घेऊन गेलाय, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड इथे लिहून देतेय. बोलताना जे 'म्हणजे, म्हणजे' झालं होतं ते काढलंय, बाकी सगळं तेच आहे.

सुरुवात माझ्या एका फजितीपासून. दहावीपर्यंत मी बार्शीजवळच्या आमच्या गावात मराठी माध्यमात शिकले. विज्ञानात 94 मार्क. मग अकरावी सायन्सला लातूर. पहिल्याच आठवड्यात सरांनी माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "व्हॉट इज इनर्शिया?"

मी उभी राहिले. डोकं कोरं. म्हटलं, "सर, माहीत नाही."

"दहावी कशी पास झालीस गं?" वर्ग हसला.

संध्याकाळी होस्टेलवर पुस्तक उघडलं. इंग्रजी व्याख्या दोनदा वाचली आणि एकदम लक्षात आलं, अरे, हे तर जडत्व! एसटीने करकचून ब्रेक मारला की आपण पुढे का फेकले जातो, हे मी नववीत फळ्यासमोर उभं राहून अख्ख्या वर्गाला समजावलं होतं. पण त्या दिवशी मी मनाशी काय ठरवलं माहितेय? 'आपल्याला काही येत नाही.' पुढचे सहा महिने मी त्या वर्गात तोंड उघडलं नाही.

तर आजचा प्रश्न हा आहे: येत असलेली गोष्ट ऐन वेळी जाते कुठे?

पाण्यात पाठ, पाण्यात आठव

याचं एक उत्तर शोधायला दोन मानसशास्त्रज्ञ थेट समुद्रात गेले. डंकन गॉडन आणि अ‍ॅलन बॅडली. त्यांचा प्रयोग 1975 मध्ये प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर त्यांनी पाणबुड्यांना, म्हणजे डायव्हिंग करणाऱ्यांना, 36 शब्दांची यादी ऐकवली. कधी किनाऱ्यावर, कधी साधारण 20 फूट पाण्याखाली. मग आठवतील तेवढे शब्द लिहायला सांगितले. त्याच जागी, किंवा जागा बदलून.

किनाऱ्यावर ऐकून किनाऱ्यावरच आठवले, तर सरासरी साडेतेरा शब्द. तेच पाण्यात उतरून आठवायचे म्हटल्यावर साडेआठच्या आसपास. आता तुम्ही म्हणाल, पाण्याखाली कोणाला काय आठवणार! पण उलट बाजू बघा. पाण्याखाली ऐकलेले शब्द पाण्याखालीच साधारण साडेअकरा आठवले, आणि कोरड्या जमिनीवर आल्यावर मात्र साडेआठही नाहीत. म्हणजे त्रास नुसता पाण्याचा नव्हता, जागा बदलण्याचा होता.

असं का होतं? आपण काही शिकतो तेव्हा मेंदू फक्त 'मुद्दा' साठवत नाही. आजूबाजूची खोली, आवाज, वास, कोण शेजारी होतं, कोणत्या भाषेत बोलणं चाललं होतं, हे सगळं त्याला चिकटून येतं. पुढे त्यातलं काही समोर आलं, की तो धागा ओढला जातो आणि आठवण वर येते. धागाच नसेल तर आठवण आत असूनही हाताला लागत नाही.

त्याच दोघांनी 1980 मध्ये अजून एक गोष्ट दाखवली. शब्द स्वतः आठवून लिहायचे नसतील, नुसते समोर बघून 'हा यादीत होता' एवढंच ओळखायचं असेल, तर जागेचा फरक पडला नाही. म्हणून तर चार पर्यायांतलं उत्तर आपण पटकन ओळखतो आणि तोंडी परीक्षेत त्याच प्रश्नाला गप्प होतो.

हां, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. 2021 मध्ये हा पाण्याखालचा प्रयोग पुन्हा केला गेला, तेव्हा तसा फरक दिसला नाही. पण 2001 मध्ये अशा अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून तपासले होते. त्यात जागेचा परिणाम खरा निघाला, फक्त फार मोठा नाही. त्यामुळे 'हॉल बदलला म्हणून नापास झालो' हे घरी सांगू नका, चालणार नाही!

नारळवाल्या पोराचं गणित

जागेपेक्षा मोठा फरक पडतो तो प्रसंगाचा. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तीन संशोधक बाजारात गिऱ्हाईक बनून गेले. 9 ते 15 वर्षांची पाच पोरं, फळं-नारळ विकणारी. 12 वर्षांच्या एका पोराकडे नारळ होता 35 क्रुझेरोला. चार नारळांचे किती? पोरगा मनात म्हणतो: तीन नारळांचे 105. त्यात 30 मिळवले, 135. आणि वरचे पाच, 140. बरोबर!

काही दिवसांनी त्याच पोराला कागदावर दिलं: 35 गुणिले 4. त्याने शाळेत शिकवलेली रीत लावली. पाच चोक वीस, हातचे दोन. पण ते दोन त्याने आधीच तिनात मिळवले, झाले पाच. पाच चोक वीस. उत्तर: 200.

तेच पोरगं, तेच गणित. बाजारात या पोरांची 98 टक्के उत्तरं बरोबर होती, कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत जेमतेम 37 टक्के. हा अभ्यास 1985 चा. आणि हे काही फक्त ब्राझीलचं नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबरोबर असंच काम केलं, ते 2025 मध्ये प्रसिद्ध झालं. बाजारातली मुलं अवघड हिशेब तोंडी करत होती, पण पुस्तकी गणितात अडत होती. आणि गंमत म्हणजे शाळेतली मुलं वहीतली गणितं सोडवत होती, पण बाजारातल्या हिशेबात अडत होती. आता यातलं 'ढ' कोणाला म्हणायचं?

भाषा म्हणजे पण एक जागाच

आता माझ्या इनर्शियाकडे येऊ. व्हिओरिका मारियन आणि उलरिक नायसर यांनी 2000 मध्ये रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या विद्यार्थ्यांशी गप्पा मारल्या. एक एक शब्द द्यायचा आणि त्यावरून आयुष्यातली आठवण विचारायची. शब्द रशियनमध्ये दिला, की रशियन बोलत होते त्या काळातल्या आठवणी जास्त वर आल्या. इंग्रजीत दिला, की इंग्रजीतल्या. म्हणजे भाषासुद्धा एक खोलीच आहे. तुम्ही ज्या खोलीत सामान ठेवलंय, तिथे ते पटकन सापडतं.

हे आपल्याकडे रोज घडतं. मी मोबाइल नंबर इंग्रजीत सांगते, पण चहाचं बिल वाटून घ्यायची वेळ आली की मनात मराठी पाढेच सुरू होतात. तुम्ही पण बघा करून.

तर त्या दिवशी माझं 'जडत्व' मराठीच्या खोलीत होतं, एसटीच्या सीटवर बसलेलं. सरांनी दुसऱ्याच खोलीचं दार वाजवलं. मी आतून ओ दिली नाही, कारण तिथे मी नव्हतेच.

मग करायचं काय?

एक, अभ्यासाची जागा अधूनमधून बदला. 1978 च्या एका प्रयोगात एकच यादी दोन वेगळ्या खोल्यांत वाचणाऱ्यांना ती नवीन खोलीत जास्त आठवली, एकाच खोलीत दोनदा वाचणाऱ्यांपेक्षा. अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची ठेवा, पण एक उजळणी गच्चीवर, एक बसमध्ये करा.

दोन, परीक्षेत अडलात तर ज्या जागी वाचलं ती जागा डोळ्यांसमोर आणा. टेबल कुठे होतं, बाहेर कसला आवाज होता. नुसत्या कल्पनेनेही मदत होते, हे प्रयोगांत दिसलंय.

तीन, परीक्षेत जे करायचंय तेच आधी करा. तोंडी असेल तर तोंडाने बोला. लिहायचं असेल तर पुस्तक मिटून लिहा. पिवळ्या मार्करने रंगवलेलं पान फक्त ओळखीचं वाटतं, आठवत नाही.

आणि चार, मराठीतून इंग्रजीत जाणाऱ्यांसाठी. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे घर्षण, उजवीकडे फ्रिक्शन. खाली तुमच्या घरातलं उदाहरण, दोन्ही भाषांत मोठ्याने. दोन्ही खोल्यांच्या मधलं दार तुम्हालाच पाडायचंय.

हा एपिसोड आत्ताच का केला, ते सांगून थांबते. गेल्या रविवारी मावशीच्या मुलीचा फोन आला. अकरावी सायन्स, दुसरा महिना. "ताई, मला नाही जमत. मी आर्ट्सला बदलून घेतेय. अर्ज आणलाय." आर्ट्स वाईट नाही हो, पण तिला हौस म्हणून जायचं नव्हतं, हरून जायचं होतं. मी विचारलं, "फ्रिक्शन म्हणजे काय गं?" पलीकडे शांतता. मग म्हटलं, "बरं, घर्षण?"

पाच मिनिटं बोलत होती. ओल्या शहाबादी फरशीवर आजी कशी घसरली, टायरला नक्षी का असते, विहिरीच्या रहाटाला तेल का घालतात. मी फक्त 'हं' म्हणत होते. शेवटी तीच थांबली आणि म्हणाली, "म्हणजे हेच होतं होय ते?"

अर्ज अजून तिच्या दप्तरात आहे. भरायचा की नाही ते ती ठरवेल. पण 'मला येत नाही' या कारणासाठी भरणार नाही, एवढं मात्र तिने कबूल केलंय.

तुमच्या ओळखीचं कोणी असं वर्गात गप्प बसलं असेल, तर त्याला हे पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, आणि जागा बदलून ऐका!