प्लंबरचा धंदा : तीन महिन्यांचा कोर्स की उमेदवारी?



ऊस विकास अधिकाऱ्याने उसाबद्दल लिहावे, नळाबद्दल कशाला, असे काहींना वाटेल. पण गेले दोन-तीन हंगाम आम्ही ऊसनोंदीसाठी शिवारात फिरतो, तेव्हा आम्ही लागणीची तारीख विचारायच्या आत सभासदच आम्हांला विचारतात, "साहेब, धाकटा वसईला मामाकडे जातो म्हणतोय. प्लंबिंगचा कोर्स लावू का त्याला?" दोन एकरांत दोन भावांचे भागत नाही, हे आम्हीही रोज पाहतो. म्हणून नेहमीची चौकट थोडी ओलांडून हा लेख लिहीत आहोत.

पोरांची पावले वसई-विरारकडे का वळतात, ते आधी पाहू. एके काळी हा भाग विहिरीच्या पाण्यावरच्या ऊस-केळीच्या बागायतीसाठी प्रसिद्ध होता. आज तेथे इमारतींचे पीक आहे. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावे मिळून २००९ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर होती. पाणी येते सूर्या, उसगाव, पेल्हार येथून, आणि कमी पडले की टँकरने. जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, पंप, बोअरचे खारट पाणी, गंजलेले जुने लोखंडी पाइप हे सगळे इमारतीगणिक आहेच. तेव्हा हाताला काम आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो धंद्यात शिरायचे कोणत्या दाराने, एवढाच.

आमच्या पाहण्यातली दोन उदाहरणे सांगतो. एका सभासदाने ऊसबिलाचा दुसरा हप्ता मुलाच्या तीन महिन्यांच्या खाजगी कोर्सला भरला. जाहिरातीत "शंभर टक्के नोकरी" असे होते. प्रमाणपत्र मिळाले. नालासोपाऱ्याला ठेकेदाराने मात्र हातात पान्हा दिला नाही, छिन्नी-हातोडा दिला. भिंतीला खाचा मारण्यात चार महिने गेले. एकदा जोड करायला मिळाला, तर सॉल्व्हंट नीट सुकायच्या आत पाणी सोडले. रात्री जोड निघाला, खालच्या घराचे छत भिजले. नुकसान मजुरीतून कापले गेले आणि पोरगं गावी परत आलं.

दुसरा मुलगा विरारला चुलत्याच्या हाताखाली तीन वर्षे राहिला. त्याचा हात उत्तम तयार झाला आहे. पण मोठ्या कंपनीच्या साइटवर कागद मागितला, तेव्हा त्याच्याकडे दाखवायला काही नव्हते. एकाकडे कागद होता, हात नव्हता. दुसऱ्याकडे हात होता, कागद नव्हता. धंद्याला दोन्ही लागतात.

आता दोन्ही वाटा नीट समजून घेऊ.

पहिली वाट अल्प मुदतीच्या कोर्सची. केंद्र सरकारची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ साली सुरू झाली. तिच्यातले प्रशिक्षण काही शे तासांचे असते आणि त्याला उमेदवाराकडून फी घेत नाहीत. याशिवाय खाजगी कोर्स आहेत, त्यांची फी ज्याची त्याला ठाऊक. अशा कोर्सात अवजारांची नावे, पाइपांचे प्रकार, मापे, नकाशा वाचणे, सुरक्षितता हे शिकता येते. ते कमी महत्त्वाचे नाही. पण ड्रिप बसवलेल्या सभासदाला हे सांगायला नको, की लॅटरल जोडणे एका दिवसात येते आणि शेवटच्या ओळीला दाब का पोचत नाही, हे ओळखायला दोन हंगाम जातात. सांडपाण्याच्या पाइपाला उतार किती ठेवावा, ट्रॅपमधले पाणी ओढले जाऊन घरात वास का येतो, गळती एका ठिकाणी आणि ओल दुसऱ्या ठिकाणी का दिसते, हे कामावरच कळते.

दुसरी वाट उमेदवारीची. यात आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे. त्यानंतर, किंवा थेटही, १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली आस्थापनेत शिकता येते. यात लेखी करार होतो आणि त्याची नोंदणी होते. दरमहा विद्यावेतन मिळते. २०१९ च्या नियमांत ते शिक्षणाप्रमाणे किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरले होते. करार करतेवेळी चालू दर पाहून घ्यावा. कामावर इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर असते. शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. जर्मनीसारख्या देशात तर नळकामाच्या कारागिराला कंपनी आणि शाळा मिळून साडेतीन वर्षे शिकवतात.

मग सगळ्यांनी उमेदवारीच करावी का? इतके सोपे नाही. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवरच शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती आहे. वसई-विरारकडचे बहुतेक प्लंबिंग ठेकेदार पाच-दहा माणसांचे. तेथे उमेदवारी म्हणजे तोंडी बोली, ना करार, ना विमा. शिवाय विद्यावेतनात तिकडच्या खोलीचे भाडे आणि जेवण भागवणे अवघड. ज्या घरात सोसायटीचे कर्ज थकले आहे, त्या घराने मुलाला दोन वर्षे थांब म्हणणे आम्हांला बोलायला सोपे, त्यांना जड.

आपल्या भाषेत सांगायचे तर आडसाली आणि सुरूतला हा फरक आहे. आडसालीला दीड वर्ष रान अडकते, पण टनेज जास्त पडते. सुरू लवकर निघतो, उतारा कमी. ज्याला पाणी आणि दम आहे त्याने आडसाली करावी. ज्याला नाही, त्याने सुरू करावा, पण खोडवा नीट राखावा. म्हणजे अल्प कोर्स केला तरी शिक्षण तेथे संपले असे समजू नये.

यावरून आमचे मत असे :

१) मुलगा नुकताच शाळेतून बाहेर पडला असेल आणि घर दोन वर्षे कळ काढू शकत असेल, तर आयटीआय आणि त्यापुढे नोंदणीकृत उमेदवारी.

२) कमाई लगेच हवी असेल, तर सरकारी योजनेतला विनाफी कोर्स, आणि त्यानंतर निदान दोन वर्षे एकाच चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली. दर महिन्याला ठेकेदार बदलू नये.

३) हात आधीच तयार असेल, तर पुन्हा कोर्सला पैसे घालू नयेत. कौशल्य योजनेत पूर्वीच्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे.

पुढे स्वतःच्या नावावर धंदा करायचा तर महापालिकेचा प्लंबर परवाना लागू शकतो, म्हणून त्यासाठी कोणती पात्रता मागतात, ते वसई-विरार महापालिकेत आधीच विचारून ठेवावे.

फी भरण्यापूर्वी चार गोष्टी जरूर विचाराव्यात. प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे? एकूण तासांपैकी हाताने काम किती तास? मागच्या तुकडीतली मुले आज कोठे कामाला आहेत, आणि त्यांतल्या दोघांशी बोलता येईल का? नोकरी न मिळाल्यास फी परत, हे लेखी देणार का? चौथ्या प्रश्नाला जो हसून टाळतो, त्याच्याकडे ऊसबिल ठेवू नये.

उमेदवारीचा करार किंवा कोर्सचे माहितीपत्रक हाती आले, की सही करण्यापूर्वी ते घेऊन शेतकी गट कार्यालयात यावे. आम्ही बसून ते ओळीने वाचून देऊ. बेणे घेताना आपण कांडी फोडून पाहतो. पोराच्या दोन वर्षांबाबतही तेवढी चौकशी व्हावी, अशी सर्व सभासदांना विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी