पिसाला खरंच पिल्लं होतात

मोरपीस वहीत ठेवलं की त्याला पिल्लं होतात, यावर शाळेत असताना आपला किती विश्वास होता! खाऊ म्हणून पेन्सिलीचा भुगा घालायचा आणि सारखं उघडून बघायचं नाही, असे त्याचे नियमही पक्के होते. पिल्लं काही झाली नाहीत. आता कळतं की आपण बघत होतो ती जागाच चुकीची होती. पिल्लं होतात, पण पिसाच्या देठात. आणि ती पिसाची नसतात.

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याला लागलं की शेंद्र्याच्या पुढे करमाड येतं. तिथल्या कुठल्याही अंगणात कोंबडीच्या पंखाचं गळलेलं पीस सहज सापडेल. ते उचलून उजेडात धरा. खालचा भाग बिनकेसांचा आणि पोकळ, एखाद्या नळीसारखा. पीस वाढत असताना या नळीत रक्त खेळत असतं. वाढ पुरी झाली की आतला जिवंत भाग आक्रसून मागे सरतो, त्याची वाळकी पापुद्र्यासारखी टोपणं तेवढी उरतात. नळी जिथे संपते आणि केस सुरू होतात, तिथे सुईच्या अग्राएवढं एक भोक असतं. पक्ष्याला त्याचा आता काही उपयोग नाही. पण एका जिवासाठी तो घराचा दरवाजा आहे.

हा जीव म्हणजे कोळी. जाळं विणणारा नव्हे; मोसंबीच्या सालीवर मंगू चढवणारा कोळी शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे, त्याच गोतावळ्यातला. गोचीडही याच नात्यातली. देठात राहणाऱ्या या कोळ्याचं अंग लांबुळकं, आळीसारखं, आणि लांबी साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. फळलेली मादी नव्या पिसाच्या त्या भोकातून आत शिरते आणि अंडी घालते. पुढची पिढी त्या नळीतच जन्मते, वाढते, तिथेच जोड्या जमतात. जुनं पीस गळायची वेळ आली की माद्या बाहेर पडतात आणि नव्याने फुटणारं पीस शोधतात.

मग या बंद खोलीत खायचं काय? तोंडात सुईसारखे दोन अवयव असतात. ते देठाच्या भिंतीतून आरपार घालून कोळी पलीकडचा पक्ष्याच्या शरीरातला रस शोषतो. म्हणजे भिंत किती जाड आणि सुई किती लांब, याचा हिशेब जुळला तरच संसार थाटता येतो. म्हणून पिसांच्या आकारांप्रमाणे भाडेकरूही बदलतात.

पिसावर दिसणारा प्रत्येक कोळी मात्र असा रस पिणारा नसतो. पिसाच्या पात्यावर, केसांच्या ओळींमध्ये राहणारा दुसरा मोठा गट आहे. त्याच्या दोन हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. हे कोळी मुख्यतः बुरशी आणि बहुधा जीवाणू खातात, असं 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, त्यांच्या पोटातल्या अन्नाचा डीएनए तपासणाऱ्या अभ्यासात दिसलं. म्हणजे एकाच पिसावर वरच्या मजल्यावर झाडलोट करणारे आणि तळघरात फुकट जेवणारे. ‘परजीवी’ हा शिक्का मारायचाच, तर तो तळघरातल्यांवर.

तळघरातल्या या कुळाची पहिली ओळख 1880 साली हेलर यांनी करून दिली. पक्षी कोणता? आपली कोंबडीच! त्यांनी नाव ठेवलं ‘सिरिंगोफिलस बायपेक्टिनॅटस’. पहिल्या शब्दाचा अर्थ नळीवर प्रेम करणारा. दुसऱ्यात दोन कंगव्यांचा उल्लेख आहे, कारण या कोळ्यांच्या पायांच्या टोकाशी कंगव्यासारखे केस असतात.

आणि खरी गंमत पुढे आहे. आज नवी जात ठरवताना त्या कंगव्याचे दातसुद्धा मोजले जातात. पिसाचा देठ उभा चिरायचा, कोळी हलक्या हाताने बाहेर काढायचा, लॅक्टिक आम्लात ठेवून तो मऊ आणि पारदर्शक करायचा, काचपट्टीवर बसवायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाठीवरचा केस न् केस मोजायचा: कुठे उगवला, शेजारच्यापेक्षा किती लांब, गुळगुळीत की खरखरीत. मोजमाप मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. आधी वर्णन झालेल्या प्रत्येक भाऊबंदाशी ताडून पाहायचं. एवढं करूनही तो कुठेच बसला नाही, तरच तो नवा.

मग बारसं. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, 2000 सालापासून नव्या जातीसाठी नमुना स्पष्टपणे नेमून दिल्याशिवाय नाव ग्राह्य धरत नाहीत. बहुधा हा एकच कोळी असतो, त्या नावाचा कायमचा साक्षीदार. तो एखाद्या संग्रहात जपतात. भारतात अशा नमुन्यांचं मोठं घर म्हणजे 1916 साली स्थापन झालेलं भारतीय प्राणी सर्वेक्षण. त्याची एक शाखा पुण्यात आकुर्डीला आहे. नावात गावही घालता येतं. उद्या करमाडच्या पक्ष्यावर नवा कोळी निघाला, तर ‘करमाडेन्सिस’ हे नाव नियमात अगदी चपखल बसेल.

त्यासाठी रानोमाळ हिंडावंच लागतं असंही नाही. पोलंडमधले मॅचेय स्कोराट्स्की यांनी संग्रहालयांत जपलेल्या वाळलेल्या पक्ष्यांच्या पिसांतून कित्येक नव्या जाती शोधल्या. पक्षी मरून गेला, पण देठातलं कुटुंब जिथल्या तिथे राहिलं. जगात पक्ष्यांच्या अकरा हजारांच्या आसपास जाती आहेत, आणि देठात राहणाऱ्या या कुळातल्या कोळ्यांच्या नोंदलेल्या जाती चारशेच्या घरात. कितीतरी देठ अजून कुणी उजेडात धरलेलेच नाहीत.

तेव्हा कोंबडीचं गळलेलं पीस दिसलं तर देठाकडे एकदा नीट बघा. तो स्वच्छ पारदर्शक असेल तर घर बहुधा रिकामं. आत धुरकट, पांढुरकं काही भरलेलं दिसलं, तर भिंग आणा. तिथे वस्ती असू शकते. नंतर हात मात्र साबणाने धुवा. पेन्सिलीचा भुगा घालायची गरज नाही.